'तो' कोण? : एका गाण्याची आणि एका प्रश्नाची उलटतपासणी

नोव्हेंबर १९७२ मध्ये अमेरिकन गायिका आणि गीतकार कार्ली सायमन यांचे 'यू आर सो व्हेन' हे गाणे प्रकाशित झाले. जानेवारी १९७३ मध्ये ते 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. शीर्षकाचा रोख सरळ आहे : स्वतःच्या रूपावर आणि रुबाबावर भाळलेल्या माणसाला मारलेला टोमणा. गाणे जेमतेम सव्वाचार मिनिटांचे. पण त्याच्याविषयीची चर्चा पन्नास वर्षे उलटून गेली तरी थांबलेली नाही, आणि त्या चर्चेचा विषय चाल, शब्द किंवा गायकी हा नाही. विषय एकच : गाण्यातला तो माणूस कोण?

या प्रश्नाला आजवर निदान अर्धा डझन नावे उत्तर म्हणून देण्यात आली. चित्रपट अभिनेता वॉरन बीटी, 'रोलिंग स्टोन्स'चा गायक मिक जॅगर, सायमन यांचे तेव्हाचे पती जेम्स टेलर, गायक क्रिस क्रिस्टॉफरसन, कॅट स्टीव्हन्स, डेव्हिड बोवी, पुढे ध्वनिमुद्रिका व्यवसायातले बडे प्रस्थ डेव्हिड गेफन. या यादीत मी नव्या नावाची भर घालणार नाही. मी विद्यापीठाच्या बाहेर राहून काम करणारा माणूस आहे. कागद, तारखा आणि जबान्या एकमेकांशी ताडून पाहणे एवढेच मला येते. त्या सवयीने या प्रकरणाकडे पाहिले, तेव्हा उत्तरांपेक्षा प्रश्नच अधिक संशयास्पद वाटला. उत्तरे चुकली असतील किंवा नसतील. पण प्रश्न ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत तपासण्याची तसदी फारशी कुणी घेतलेली दिसत नाही.

गाणे काय सांगते

आधी गाण्यातच काय आहे ते पाहू. त्यात तीन कडवी आणि प्रत्येक कडव्यानंतर येणारे ध्रुवपद आहे.

पहिल्या कडव्यात एक मेजवानी आहे. 'तो' तिथे प्रवेश करतो तो जणू स्वतःच्या विलासनौकेवर पाऊल ठेवावे अशा थाटात. टोपी एका डोळ्यावर झुकलेली, गळ्यात जर्दाळूच्या रंगाचा रुमाल, आणि नजर मात्र आरशाकडे. तो स्वतःलाच नाचताना पाहतो आहे, आणि तिथल्या मुली त्याची जोडीदार होण्याची स्वप्ने पाहत आहेत. नृत्यासाठी 'गाव्होत' या जुन्या फ्रेंच दरबारी नाचाचे नाव येते, आणि त्याची ऐट अधिकच हास्यास्पद होते.

दुसऱ्या कडव्यात सूर बदलतो. आता मेजवानी नाही, गर्दी नाही. काही वर्षांपूर्वी ती अजाण असताना त्याने तिला आपलेसे केले, कायमच्या सोबतीची भाषा केली, आणि मग आपल्या आवडत्या वस्तू देऊन टाकाव्यात तशी तिलाही देऊन टाकली. इथेच कॉफीत दिसणाऱ्या ढगांची ती प्रसिद्ध प्रतिमा येते.

तिसरे कडवे पुन्हा बाहेरच्या जगात. तो साराटोगाच्या शर्यतींना जातो आणि त्याचा घोडा अर्थातच जिंकतो. खासगी जेट विमानाने नोव्हा स्कॉशियाला खग्रास सूर्यग्रहण पाहायला जातो. तो नेहमी 'असायला हवे तिथे' असतो, आणि नसतो तेव्हा एखाद्या गुप्तहेराबरोबर किंवा जवळच्या मित्राच्या बायकोबरोबर असतो.

ध्रुवपदाचा आशय असा की, तू इतका आत्ममग्न आहेस की हे गाणे तुझ्याविषयीच आहे असे तुला बहुधा वाटत असणार. या 'बहुधा'कडे मी नंतर येणार आहे.

पुराव्यांची छाननी

हौशी शोधकांनी या तपशिलांवर भरपूर कष्ट घेतले आहेत. ग्रहणाचेच पाहा. नोव्हा स्कॉशिया या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतातून त्या काळात दोन खग्रास ग्रहणांचा पट्टा गेला : पहिले ७ मार्च १९७० रोजी, दुसरे १० जुलै १९७२ रोजी. दोन्ही गाणे प्रसिद्ध होण्याच्या आधीची. एकाच प्रांताच्या वाट्याला अवघ्या दोन वर्षे चार महिन्यांत दोन खग्रास ग्रहणे यावीत ही दुर्मीळ गोष्ट. पण शोधकाच्या दृष्टीने ती अडचणच, कारण कवितेतला तपशील खगोलशास्त्राशी जुळूनही तारीख काही एकटी उरत नाही. बरे, एखादी व्यक्ती त्या दिवशी तिथे होती असे सिद्ध झाले तरी त्यातून काय निघते? ग्रहण पाहायला माणसे शेकड्यांनी जातात.

पण खरी अडचण याहून मोठी आहे. शोधकांची पद्धत अशी : पहिल्या कडव्यातून पोशाख घ्यायचा, दुसऱ्यातून प्रेमसंबंध घ्यायचा, तिसऱ्यातून घोडा, विमान आणि ग्रहण घ्यायचे, आणि या सगळ्यांची बेरीज ज्याच्यावर बसेल तो माणूस शोधायचा. म्हणजे तिन्ही कडवी एकाच माणसाची आहेत हे आधीच धरून चालायचे. जुन्या घराण्यांच्या वंशावळी लावताना नवख्या अभ्यासकाकडून एक गफलत नेहमी होते : एकाच नावाच्या दोन माणसांची कृत्ये एकाच्या खात्यावर मांडली जातात आणि मग तो गृहस्थ एकाच दिवशी पुण्यात आणि पानिपतात दिसू लागतो. इथे तर नावच नाही. तीन कडव्यांतली माणसे एकच आहेत याला 'तू' या सर्वनामाखेरीज दुसरा आधार नाही.

आणि हा आधार किती कच्चा आहे हे सायमन यांनी स्वतः आरंभीच सांगून ठेवले होते. १९७२ मध्ये, गाणे गाजण्यापूर्वी, त्यांनी एका मुलाखतीत म्हटले होते की हे गाणे एका पुरुषाविषयी नसून पुरुषांविषयी आहे. त्याकडे कुणी लक्ष दिले नाही. १९८९ मध्ये त्यांनी पुन्हा सांगितले की त्यात थोडासा बीटी आहे, पण 'तो' लॉस एंजेलिसच्या दिवसांतल्या तीन पुरुषांचे मिश्रण आहे. तेही विरून गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये, 'बॉइज इन द ट्रीज' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध होत असताना, त्यांनी 'पीपल' साप्ताहिकाला स्पष्ट सांगितले की दुसरे कडवे वॉरन बीटी यांच्यावर आहे आणि उरलेली दोन कडवी इतर दोघांवर. त्यांची नावे सांगितली नाहीत.

या एका विधानाने चार दशकांच्या तपासातला बराचसा भाग निकालात निघतो. बीटी दुसऱ्या कडव्यात असतील, तर रुमाल, आरसा, घोडा, विमान आणि ग्रहण यांचा त्यांच्याशी संबंध जोडण्याचे कारण उरत नाही. पोशाख आणि ग्रहण जुळवून बीटींचे नाव 'सिद्ध' करणाऱ्यांचे उत्तर एका कडव्यापुरते बरोबर आले, पण ज्या पुराव्यांवरून ते काढले ते पुरावे दुसऱ्यांचे होते. गणितात याला गुण मिळत नाहीत.

आता त्या दुसऱ्या कडव्यातली कॉफी. या प्रतिमेचे अर्थ लावण्यात श्रोत्यांनी वर्षे घालवली. सायमन यांनी सांगितलेला उगम अगदी साधा आहे. त्या विमानाने प्रवास करत होत्या, सोबत त्यांचे वादक सहकारी आणि मित्र बिली मर्निट होते, आणि खिडकीबाहेरचे ढग कॉफीच्या कपात उतरलेले दिसतात हे मर्निट यांनी त्यांच्या नजरेस आणून दिले. म्हणजे जे कडवे बीटींचे, त्यातली सर्वांत लक्षात राहणारी प्रतिमा बीटींची नाही. ती एका वादकाच्या नजरेतून आली, कवयित्रीच्या मनात राहिली आणि योग्य जागी येऊन बसली. चालीचेही तसेच. ती आधी 'ब्लेस यू, बेन' अशा वेगळ्याच शीर्षकाखाली होती. कविता अशीच घडते. कच्चा माल चार घरचा असतो. तो कुणा एकाच्या अंगणात सापडेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे भाकरीवरून शेताचा सातबारा काढायला जाण्यासारखे आहे.

अक्षरांचे कोडे

ऑगस्ट २००३ मध्ये हे गुपित लिलावाला आले. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एका धर्मादाय निधीसाठी लिलाव होता. सायमन यांनी त्यात गाण्यातल्या माणसाचे नाव सांगण्याचे मान्य केले. एनबीसी वाहिनीच्या क्रीडाविभागाचे प्रमुख डिक एबरसॉल यांनी ५० हजार डॉलरची बोली लावून ते विकत घेतले. तेव्हाच्या दराने साधारण २३ लाख रुपये. अट अशी की नाव कुणाला सांगायचे नाही. फक्त एक अक्षर उघड करण्याची मुभा मिळाली : 'ई'. पुढच्या वर्षी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सायमन यांनी 'ए' आणि 'ई' ही अक्षरे दिलेलीच आहेत असे सांगून त्यात 'आर'ची भर घातली.

ही तीन अक्षरे मी रोमन स्पेलिंगशी ताडून पाहिली. वाचकांनीही कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. क्रिस्टॉफरसन यांच्या नावात 'ए' नाही. कॅट स्टीव्हन्स, डेव्हिड बोवी आणि डेव्हिड गेफन या तिघांच्या नावांत 'आर' नाही. हे चौघे बाद. उरले बीटी, जॅगर आणि टेलर. वॉरन या नावात तिन्ही अक्षरे आहेत. जॅगर या आडनावात तिन्ही आहेत. जेम्स टेलर या नावातही तिन्ही आहेत. म्हणजे ज्या तीन नावांवर सर्वाधिक वाद होता, त्या तिघांत निवड करायला ही अक्षरे काहीच उपयोगाची नाहीत. आपल्या पतीवर हे गाणे नाही आणि जॅगरवरही नाही, असे सायमन यांनी वेळोवेळी सांगितलेलेच होते. म्हणजे अक्षरांनी हाती नवे काय दिले, तर जवळजवळ काही नाही. शिवाय माणसे तीन असतील, तर ही अक्षरे एकाच नावातली आहेत असे तरी का मानावे?

सायमन यांनी २००९ मध्ये हे गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले. त्यात एक कुजबुज आहे, ती उलटी वाजवली की 'डेव्हिड' असे ऐकू येते, असा शोध २०१० मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी लावला आणि गेफन यांचे नाव पुढे केले. त्याचा सायमन यांच्या बाजूने इन्कार झाला. अक्षरे तपासणाऱ्याला हा निकाल आधीच कळला असता, कारण 'आर' २००४ मध्येच सांगितला गेला होता. पण उलटी वाजणारी ध्वनिफीत ऐकायला जितकी माणसे जमतात, तितकी आधीच दिलेला पुरावा वाचायला जमत नाहीत.

'तू' की 'तुम्ही'?

गाण्यातला एक दुवा मराठी वाचकाला चटकन दिसावा असा आहे. इंग्रजीत 'यू' हे सर्वनाम एकाला आणि अनेकांना सारखेच लागू होते. मराठीत हे गाणे आणायचे तर अनुवादकाला पहिल्याच ओळीत ठरवावे लागेल : 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'? 'तू' म्हटले की माणूस एक झाला, शोध सुरू. 'तुम्ही' म्हटले की एक संपूर्ण जात समोर उभी राहिली, शोध संपला. मूळ भाषेत हा निर्णय घ्यावाच लागत नाही. कवयित्री म्हणते की पुरुषांविषयी आहे, आणि श्रोता ऐकतो एका पुरुषाविषयी. दोघेही त्याच एका सर्वनामाच्या आधाराने.

मराठीचा दुसरा उपयोग असा की, या लेखात मी कार्ली सायमन यांच्यासाठी आदरार्थी बहुवचन वापरतो आहे आणि गाण्यात बोलणाऱ्या स्त्रीसाठी 'ती'. लिहिणारी आणि बोलणारी या दोघी वेगळ्या आहेत, हे व्याकरणानेच इथे राखले जाते. सायमन यांचा सारा काळ मात्र हा फरक पुसण्याचा होता. १९७० च्या सुमाराला स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्यांची जी लाट आली, तिचे भांडवलच 'हे माझे खरे आयुष्य आहे' हे होते. कॅरोल किंग यांचे 'टॅपेस्ट्री' आणि जोनी मिचेल यांचे 'ब्लू' हे दोन्ही संग्रह १९७१ चे. सायमन यांच्या ज्या संग्रहात हे गाणे आहे त्याचे नाव 'नो सीक्रेट्स', म्हणजे गुपिते नाहीत. असे नाव देऊन आत पन्नास वर्षे पुरणारे गुपित ठेवणाऱ्या बाईंचा विनोद आपण ओळखायला हवा.

आता ते 'बहुधा'. ध्रुवपदात एक चमत्कारिक पेच आहे. हे गाणे आपल्याविषयी आहे असे त्याला वाटणे हा त्याच्या आत्ममग्नतेचा पुरावा, असे ती म्हणते. पण गाणे खरोखरच त्याच्याविषयी असेल, तर त्याला तसे वाटण्यात चूक काय? मग आरोपच कोसळतो. पुष्कळ टीकाकारांनी याला गाण्यातली गमतीदार विसंगती मानले आणि पुढे गेले. मला वाटते, ध्रुवपद शब्दशः खरे मानले तर विसंगती उरत नाही. गाणे त्याच्याविषयी नाहीच. त्याला ते तसे वाटते, आणि तिथे तो चुकतो.

पुढे प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. बीटी यांनी फोन करून गाण्याबद्दल आभार मानले, असे सायमन यांनी १९८३ मध्ये सांगितले. २००७ मध्ये खुद्द बीटी यांनी एका मुलाखतीत म्हटले की खरे बोलायचे तर ते गाणे माझ्यावरच होते. २०१५ मध्ये त्यांच्या वाट्याला तीनपैकी एक कडवे आले, आणि सायमन यांनी जाता जाता हेही सांगितले की वॉरनला मात्र सगळे गाणे आपल्यावरच आहे असे वाटते. १९७२ मध्ये ध्रुवपदाने वर्तवलेले भाकीत त्रेचाळीस वर्षांनी इतके नेमके खरे ठरले. १९९३ मध्ये डेव्हिड बोवी यांच्या पूर्वपत्नी अँजी बोवी यांनी आपल्या पुस्तकात दावा केला की तिसऱ्या कडव्यातली 'मित्राची बायको' मी. म्हणजे मुख्य भूमिका तर सोडाच, टोमण्यात ओझरता उल्लेख असलेल्या जागेसाठीही हक्कदार पुढे आले.

आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती आहे. वरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा वरून स्तुती आणि आतून निंदा, असा तिचा दुहेरी व्यवहार. इथे निंदा उघड आहे, सरळ आहे, आणि तरीही जिची निंदा झाली ती व्यक्ती ती स्तुती म्हणून स्वीकारते. व्याज कवयित्रीच्या शब्दांत नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात. या गाण्यात लेक कुणीच नाही आणि सुना मात्र स्वतःहून रांगेत उभ्या आहेत.

न छापलेले नाव

ध्वनिमुद्रणातच एक गंमत आहे, जिच्याकडे 'तो' शोधणाऱ्यांनी चुकीच्या बाजूने पाहिले. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत रिचर्ड पेरी यांच्या निर्मितीखाली हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. आरंभीचा तो घुमणारा बेस क्लाउस फूरमान यांचा. ध्रुवपदात सायमन यांच्या आवाजाला येऊन मिळणारा पुरुषी आवाज मिक जॅगर यांचा. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव नाही, पण तो आवाज ओळखायला नावाची गरजही नव्हती. म्हणजे गाण्यात दोन अनाम पुरुष आहेत. एकाचे नाव छापले नाही, तरी ते सर्वांना ऐकू येते. दुसऱ्याचे नाव शोधायला सारे निघाले, आणि ते गाण्यात नाही.

जॅगर यांचा आवाज आहे म्हणून गाणे जॅगर यांच्यावर, असा तर्क झाला. मला त्या आवाजाचा अर्थ वेगळा लागतो. पहिल्या कडव्यापासून ती एकटी बोलते आहे. ध्रुवपदात तिच्या टोमण्याला एका पुरुषाची साथ मिळते, आणि तो पुरुष असा की मंचावरच्या ऐटीसाठी जगभर प्रसिद्ध. आत्ममग्नतेवरचा टोमणा आत्ममग्नतेचा बादशहा हसत हसत गातो. त्यामुळे गाण्यातला कडवटपणा निवतो आणि त्याला मिस्किलपणा येतो. जॅगर यांचे महत्त्व इथे आरोपी म्हणून नाही, गायक म्हणून आहे. पण गायक म्हणून त्यांच्याविषयी लिहिले गेले त्याच्या कितीतरी पट संशयित म्हणून लिहिले गेले.

प्रश्न कुणाला विचारला जातो

आता मुद्द्यावर येतो. गाण्यामागची खरी व्यक्ती शोधणे हा काही याच गाण्याचा रोग नाही. एरिक क्लॅप्टन यांचे 'लैला' हे १९७० चे गाणे घ्या. निजामीच्या लैला-मजनूच्या कथेवरून नाव घेतलेल्या या गाण्यामागे जॉर्ज हॅरिसन यांच्या पत्नी पॅटी बॉइड होत्या, हे सर्वश्रुत आहे. तिथे स्त्री 'प्रेरणा' ठरते आणि पुरुष कलावंतच राहतो. प्रेरणेचे नाव कळल्याने क्लॅप्टन यांच्या गिटारीवरची चर्चा थांबली नाही. सायमन यांच्या बाबतीत तराजू उलटा. गाणे स्त्रीने लिहिले की त्यातला पुरुष नायक होतो आणि लिहिणारी साक्षीदार. तिला मुलाखतीत बोलावायचे ते उलटतपासणीसाठी. चाल कशी सुचली हा प्रश्न पाहुणा, आणि तो कोण हा प्रश्न यजमान. जोनी मिचेल यांच्या प्रेमसंबंधांचा तर चक्क आराखडा काढून 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकाने त्याच काळात छापला होता. असा आराखडा पुरुष गायकाचा निघाला असता, तर त्याला पराक्रम म्हटले असते.

'लैला'चीच आणखी एक बाजू सांगण्यासारखी आहे. त्या गाण्याच्या उत्तरार्धातला पियानोचा भाग जिम गॉर्डन यांच्या नावावर आहे. गायिका रीटा कुलिज यांनी २०१६ च्या आपल्या आत्मकथनात म्हटले आहे की त्या सुरावटीच्या रचनेत आपला वाटा होता आणि श्रेय मात्र मिळाले नाही. म्हणजे ज्या गाण्यातली 'ती' कोण हे जगाला पाठ आहे, त्या गाण्याच्या रचनेत हात असल्याचे सांगणारी 'ती' कोण हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि योगायोग असा की 'यू आर सो व्हेन'मध्ये ड्रम वाजवले आहेत ते याच जिम गॉर्डन यांनी.

आपल्याकडे पाहू. शाहिरी लावणीत रुसलेली, वाट पाहणारी, फसवली गेलेली स्त्री बोलते. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम यांनी ती बोलती केली. त्या लावणीतला सखा कोण होता, असा शोध कुणी घेत बसत नाही. लिहिणारा पुरुष असल्याने तिचे दुःख आपण कला म्हणून ऐकतो. हेच शब्द एखाद्या बाईने स्वतःच्या नावाने लिहिले असते, तर आपणही गावातल्या पुरुषांची यादी काढायला बसलो असतो. काळ आणि परंपरा वेगळ्या आहेत हे मान्य; लावणीत संकेत मोठा असतो आणि सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गीतात 'मी' मोठा. पण ऐकणाऱ्याची वृत्ती दोन्हीकडे ओळखू येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गुपिताचा हा खेळ सायमन यांनी स्वतःच खेळला. लिलाव त्यांनी मांडला, अक्षरे त्यांनी वाटली, कडवे त्यांनी उघड केले. मग बिचाऱ्या कशा? त्या बिचाऱ्या मुळीच नाहीत. उलट, मला यात त्यांची व्यवहारकुशलता दिसते. जो प्रश्न त्यांना कुणी सोडणारच नव्हते, त्याची चावी त्यांनी आपल्याकडे ठेवली. कधी, किती आणि कशाच्या बदल्यात सांगायचे, हे त्या ठरवत राहिल्या. दुसऱ्या कडव्यातल्या तिला कुणीतरी सहज देऊन टाकले होते. ते नाव मात्र लिहिणारीने सहज देऊन टाकले नाही. पण खेळ त्यांनी छान खेळला म्हणून प्रश्न चांगला ठरत नाही.

मग असा शोध घेऊच नये का? बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या स्वायत्ततेवर जो भर दिला तो मान्य करूनही मी तितका कठोर होणार नाही. चरित्रातला तपशील कामाचा असतो, जोवर तो आपल्याला कलाकृतीकडे परत आणतो. दुसरे कडवे बीटींवर आहे हे कळल्यावर मी ते पुन्हा ऐकले. उपयोग झाला, पण वेगळाच : उरलेल्या दोन कडव्यांतला थट्टेचा सूर आणि या कडव्यातला दुखावलेला सूर यांतला फरक अधिक स्पष्ट ऐकू आला. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात ती पाहते. दुसऱ्यात ती आठवते. नाव कळून हे हाती लागले. नाव कळल्यावर जिथे ऐकणे थांबते तिथे मात्र संशोधन संपून चहाडी सुरू होते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी मांडलेले साधारणीकरण दुसरे काय सांगते? काव्यातला विभाव विशिष्ट व्यक्तीपासून सुटतो तेव्हाच तो सर्वांचा होतो. हे गाणे ऐकणाऱ्या असंख्य स्त्रियांना वॉरन बीटी भेटलेले नाहीत. आरशात पाहत नाचणारा एखादा माणूस मात्र बहुतेकींना भेटला आहे.

शेवटी आपल्या एका जुन्या रीतीची आठवण. अभंगाच्या अखेरच्या चरणात संताची नाममुद्रा येते, लावणीच्या शेवटी शाहिराचे नाव येते. ऐकणाऱ्याला एक नाव कळायलाच हवे, असे त्या परंपरेला वाटले, आणि ते नाव रचणाऱ्याचे होते. ज्याच्याविषयी रचले त्याचे नाव कळले नाही म्हणून कोणते पद आजवर अपुरे राहिले? या गाण्यातला थाट ज्याचा असेल त्याचा असो. त्या थाटावरची नजर, कॉफीतले ढग जपून ठेवणारी स्मृती, 'बहुधा' या एका शब्दात तिघांना आणि नंतर आपणा सर्वांना अडकवणारी लेखणी, आणि ते सारे गाणारा आवाज एकाच व्यक्तीचा आहे. तिचे नाव पहिल्या दिवसापासून तबकडीवर छापलेले आहे.